डबा पुढे, तायडेभाऊ मागे

लखनौत चढ नाही. आमच्या साताऱ्यात घराबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ लागतो, नाहीतर उतार. इथं जानकीपुरमहून निघालेला माणूस चारबागला पोचला तरी जमीन कुठं मान वर करत नाही. चढ हवाच असेल तर एक तर रेल्वेवरच्या ओव्हरब्रिजवर जायचं, नाहीतर हिमालयाच्या पायथ्याच्या काठगोदामचं तिकीट काढायचं. आमचे दादाराव तायडे गेली सोळा वर्षं हे दोन्ही करतात, आणि आमच्यासारख्या वीस-पंचवीस मराठी माणसांना करायला लावतात.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही जानकीपुरमात राहायला आलो. माझे यजमान, निरंजन घोरपडे, तेव्हा हवाई दलात होते. घरात मराठी बोलायला ते आणि मी. लेक उत्कर्षा सहा वर्षांची, तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. बुद्धपौर्णिमेला शेजारच्या गल्लीतल्या तायडे बाईंनी, म्हणजे मायानं, खिरीला बोलावलं. वंदना झाली, खिरीची वाटी हातात आली आणि पाठोपाठ एक वही आली. वही घेऊन उभा असलेला उंच, सडपातळ, मिशीवाला माणूस म्हणाला, ‘‘वैनी, नावं सांगा. भीमताल, चार दिवस, सायकलवर. उद्या पहाटे पाचला ओव्हरब्रिज.’’

मी म्हटलं, ‘‘मला सायकल येत नाही हो चढावर.’’

‘‘इथं कुनालाच येत नाही बाप्पा,’’ तायडेभाऊ म्हणाले, ‘‘म्हणून तर पाचला.’’

मला वाटलं, खीर खाल्ली म्हणजे आता सुटका नाही. तशी ती नव्हतीच.

तायडेभाऊ मूळचे मेहकरकडचे. इथल्या औषध-संशोधन संस्थेत काच फुंकणारे म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या, चंबू, वळणावळणांची भांडी लागतात. ती फुटली की नवीन मागवायला सहा महिने, आणि तायडेभाऊंकडे नेली की दुपारपर्यंत तयार. भट्टीच्या ज्योतीत काच मऊ करायची आणि तोंडानं फुंकून तिला आकार द्यायचा. जास्त फुंकलं तर फुगा फुटतो, कमी फुंकलं तर भांडं लंगडं होतं. चौतीस वर्षं या माणसानं आपला श्वास मोजून खर्च केला. त्यामुळे त्यांना दुसऱ्याचा श्वासही ऐकू यायचा. ओव्हरब्रिजच्या माथ्यावर कठड्याला टेकून, चहाचा कुल्हड हातात धरून ते उभे राहायचे आणि आम्ही खालून हाशहुश करत वर यायचो. ते आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. सीतापूरकडे जाणारे ट्रक बघत असायचे. मला वाटायचं, काय हा माणूस, उंटावरून शेळ्या हाकतोय. पुढं कळलं की ते ऐकत होते.

लखनौतल्या सायकलवाल्यांची एक खोड आहे, तीही त्यांनीच मोडून काढली. इथं सपाटीवर ब्रेकची गरजच पडत नाही. थांबायचं असेल तर पाय खाली सोडायचे, चप्पल घासत न्यायची, झालं. ही सवय घेऊन सुरुवातीच्या एका वर्षी एक बँकवाले डोंगरावरून उतरले, ते थेट एका आडूच्या, म्हणजे पीचच्या, बागेत. बागवाल्यानं त्यांना दोन किलो आडू दिले आणि सायकल बाहेर काढू लागला. तेव्हापासून भाऊ ओव्हरब्रिजच्या उतारावर उभे राहून प्रत्येकाच्या पायांकडे बघतात. पाय खाली सुटला की परत वर.

आता डब्याची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

सहलीला माया मुरमुऱ्याचा चिवडा करते. चौकात मिळणारी ताजी लइया, म्हणजे आपले मुरमुरे, त्यात डाळं, शेंगदाणे, सुकं खोबरं, कढीपत्ता आणि तिकडच्या वऱ्हाडी हातानं घातलेली मिरची. तो एका मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात भरायचा. डबा दिसायला घागरीएवढा, वजनाला पिसासारखा. डोंगरातल्या सायकलींना कॅरिअर नसतो, पण भाऊंनी मिस्त्रीकडून सगळ्यांच्या सायकलींना कॅरिअर जोडून घेतलेत, केवळ या डब्यासाठी. रोज सकाळी निघताना ते एकाच्या कॅरिअरवर तो डबा बांधतात. नियम दोन. डबा ज्याच्याकडे तो सगळ्यांत पुढे, त्याला कुणी ओलांडायचं नाही. आणि डबा वर पोचल्याशिवाय उघडायचा नाही, उघडल्यावर पहिली मूठ डबेवाल्याची. स्वतः भाऊ नेहमी सगळ्यांच्या मागे.

माझ्या पहिल्या वर्षी भीमतालला डबा त्यांनी माझ्या कॅरिअरवर बांधला. ‘‘वैनी, तुमच्यावर भरवसा आहे,’’ असंही म्हणाले. नव्या माणसाला एवढा मान! चारही दिवस डबा माझ्याकडे होता. घरी येऊन मी साताऱ्याला फोन करून आईला सांगितलं. दुसऱ्या वर्षीही डबा माझाच. तिसऱ्या वर्षी मात्र एक नवे सुबोध म्हणून गृहस्थ आले, विम्याच्या ऑफिसातले, पोटानं भरदार. ओव्हरब्रिजवर ते दोनदा बसले होते. आणि भाऊंनी डबा उचलला तो सरळ त्यांच्या कॅरिअरवर. ‘‘तुमच्यावर भरवसा आहे,’’ हेच वाक्य.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. निरंजनना म्हटलं, ‘‘माझं काय चुकलं?’’ ते म्हणाले, ‘‘डबाच आहे तो, पद्मश्री नाही.’’ दुपारच्या चढावर मी फुरंगटून सुबोधरावांच्या मागे चालले होते. पुढं ते एवढे सावकाश, की मला पहिल्यांदाच आजूबाजूची झाडं दिसली, बांजाची आणि चिडाची. मागे वळून पाहिलं तर सगळी रांग तेवढीच सावकाश. कुणी मागं पडलेलं नाही, कुणी एकटं नाही, आणि सुबोधराव मात्र छाती काढून पुढं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डबा भरवशाच्या माणसाला मिळत नव्हता. सगळ्यांत आधी ज्याला दम लागेल, त्याला मिळत होता.

मला राग यायला हवा होता. दोन मिनिटं आलाही. मग वाटलं, या माणसानं दोन वर्षं मला सगळ्यांत शेवटी राहू दिलं नाही आणि मला ते कळूही दिलं नाही. नवऱ्यानंसुद्धा माझा एवढा विचार कधी केला नव्हता. मी कुणाला काही सांगितलं नाही. पुढं एका वर्षी डेंग्यूतून उठून गेले, तेव्हा डबा परत माझ्याकडे आला. मी मुकाट्यानं घेतला आणि पहिली मूठही खाल्ली.

हा नियम आला कुठून, ते मायानं मला एकदा शेंगा सोलताना सांगितलं. अगदी पहिल्या सहलीला हे घरचेच चौघं गेले होते. भाऊ आणि थोरला मुलगा राजरत्न पुढे, शर्यत लावल्यासारखे. माया बाजाराच्या सामानाबरोबर जीपनं मागाहून येणार होती. आठ वर्षांच्या दीप्तीची साखळी उतरली. तिनं हाका मारल्या, त्या पुढच्यांना ऐकूच गेल्या नाहीत. माथ्यावर जाऊन यांनी मागं पाहिलं तर वाट रिकामी. पोर तासभर रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. तिला काही झालं नाही. पण तिनं दोन दिवस बापाशी बोलणं टाकलं, आणि भाऊंनी त्यानंतर पुढं जाणं टाकलं. ‘‘दुसऱ्याचा फुंकलेला श्वास ऐकतो म्हणे हा माणूस,’’ माया म्हणाली, ‘‘आणि सोताच्या पोरीची हाक ऐकली नाही. ते त्यांच्या मनातून जात नाही.’’

तर असे आमचे तायडेभाऊ. आणि गेल्या डिसेंबरात त्यांच्या छातीत कळ आली.

वेळेवर नेलं, स्टेंट बसला, महिनाभरात हिंडायला लागले. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सायकल चालवा, चांगलंच आहे, फक्त दम लागला की थांबा. दीप्ती आता फिजिओथेरपिस्ट झालीय, तीच त्यांना रोज चालायला न्यायची. पण भाऊ सायकलला हात लावेनात. मग एके दिवशी पहाटे कुणाला न सांगता ओव्हरब्रिजवर गेले. अर्ध्यावर उतरावं लागलं. कॅन लावलेला एक दूधवाला थांबून म्हणाला, ‘‘अंकल, पानी पिएंगे?’’ ज्या पुलावर त्यांनी अख्ख्या कॉलनीला सायकल शिकवली, त्या पुलावर हे! सायकल हातात धरून घरी आले आणि तिच्यावर जुनी चादर टाकली.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटली गेली. वही घेऊन मात्र दीप्ती फिरत होती. भाऊ म्हणाले, ‘‘यंदा तुमी जा. घोरपडे साहेब मागं राहतील. मी नाही.’’

‘‘काहून?’’ मी मुद्दाम त्यांचाच शब्द वापरला.

‘‘वैनी, मागं राहणाऱ्याच्या अंगात सगळ्यांपेक्षा जास्त दम लागतो. कुनी पडलं तर धावावं लागते. माझ्यासाठीच धावायची पाळी आली तर?’’

खरं होतं ते. संध्याकाळी माया माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. म्हणाली, ‘‘दिवसभर पंख्याकडं बघत बसतात. यंदा नाही गेले ना, तर ती चादर आता निघत नाही. मला माहीत आहे त्यांचं.’’ मलाही माहीत होतं. माणूस एकदा म्हातारपणाच्या खुर्चीत बसला की खुर्ची त्याला सोडत नाही. माझे वडील असेच बसले होते. मला त्या चादरीचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी भाऊंशी भांडले. भांडण मला जमतं. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की ते येतील, पण सामानाच्या जीपमधून. सायकलचं नाव काढायचं नाही.

आम्ही काढलं नाही. दीप्तीनं चारबाग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सायकली बुक करताना एक जास्तीची बुक केली, एवढंच. बाबूनं विचारलं, ‘‘चादर के साथ?’’ ती म्हणाली, ‘‘हाँ, चादर के साथ.’’

भीमतालला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सायकली ओळीनं लावल्या होत्या. उन्हं कोवळी, तळ्यावर धुकं, आणि लखनौत याच वेळी लूचा गरम वारा सुरू झाला असेल या विचारानं सगळे खुशीत. वाट चारच किलोमीटरची, जंगलातली कच्ची, चढ सावकाश, मागून जीप. दीप्तीनं डॉक्टरांना विचारूनच निवडली होती. रांगेच्या सगळ्यांत पुढं भाऊंची सायकल होती, चादरीविना. आणि तिच्या कॅरिअरवर चिवड्याचा डबा.

भाऊ जीपकडे निघाले होते, ते थांबले. सायकलकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. चेहरा असा झाला की मला आपण हे का केलं असं वाटलं.

‘‘हा डबा इथं कुनी बांधला?’’

भाऊंचा आवाज कधी चढत नाही, आता चढला. ‘‘दीप्ती, सोड तो. डबा कुनाकडे द्यायचा ते मी ठरवतो. तुमाला माहीत नाही तो काहून देतात ते.’’

आणि ते स्वतःच दोरी सोडायला वाकले. दोरीचा एक वेढा काढला.

‘‘मी बांधलाय,’’ मी म्हटलं. ‘‘आणि मला माहीत आहे.’’

ते वाकलेलेच राहिले.

‘‘नऊ वर्षांपासून माहीत आहे, भाऊ. सुबोधरावांना दिलात तेव्हा कळलं. ज्याचा दम आधी जातो, त्याला तुम्ही डबा देता. डेंग्यूच्या वर्षी मला दिलात, तेव्हा मी जाणूनबुजून घेतला.’’

त्यांनी मान वर केली. एवढा गोंधळलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या हिशेबी ही झाकली मूठ होती.

मागून सुबोधराव खाकरले. ‘‘मलाही माहीत होतं. त्याच दिवशी, अर्ध्या वाटेत. म्हटलं, चिवडा मिळतोय तर कशाला बोला.’’

‘‘पता तो मुझे भी था, अंकल,’’ आमची उत्कर्षा म्हणाली. ‘‘सेवन्थमध्ये पायाला प्लॅस्टर होतं, उसके बाद मिला था ना मुझे. सबको पता है, यार.’’

मग एकेकानं मान हलवली. ज्याला ज्याला कधी डबा मिळाला होता, त्या प्रत्येकाला कळलेलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच कळलंय. सोळा वर्षं अळीमिळी गुपचिळी. मलासुद्धा हे तिथं अंगणातच कळलं. हवाई दलात सगळी गुपितं पोटात ठेवून आलेले माझे यजमानही दुसरीकडे बघत होते. त्यांच्या कंबरेच्या दुखण्याच्या वर्षी डबा त्यांच्याकडे होता.

भाऊ कॅरिअरला धरून उभे राहिले. मग विचारलं, ‘‘मग कुनाला वाईट नाही वाटलं?’’

‘‘वाटलं,’’ मी म्हटलं. ‘‘दोन मिनिटं. नंतर बरं वाटलं. तुम्हालाही दोन मिनिटांनी बरं वाटेल.’’

दीप्ती बापाजवळ गेली. ही मुलगी एरवी सगळं हिंदीत बोलते. पण तेव्हा मराठीत म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही पुढं चला. मी तुमच्या लगेच मागं आहे. हाक मारलीत तर मला ऐकू येईल.’’

मायानं पदर तोंडाला लावला. भाऊंनी लेकीकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बहुतेक रडले असते. ते परत वाकले. अर्धवट सुटलेली दोरी त्यांनी स्वतःच्या हातानं आवळली, नेहमीसारखी दोन गाठींची, ओढून पाहिली. ‘‘ढिला बांधला होता वैनी,’’ म्हणाले. ‘‘पहिल्याच वळनावर पडला असता.’’

आणि पायडलवर पाय ठेवला.

आम्ही निघालो. पुढं तायडेभाऊ, मागं दीप्ती, मग मी, आणि आमच्या मागं सगळी वरात. सगळ्यांत शेवटी निरंजन, आणि त्यांच्या मागं जीपमध्ये माया. अकरा वर्षांत मी या माणसाची पाठ कधी पाहिलेली नव्हती. ती एवढी अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. शर्ट खांद्यावर सैल झाला होता. मला त्यांच्याबद्दल एवढा जिव्हाळा दाटून आला की चढ लागलेला कळलाच नाही.

अर्ध्या किलोमीटरवर भाऊंनी पाय टेकला. सगळी रांग थांबली. कुणी ‘काय झालं’ म्हणून विचारलं नाही. कुणी कडेच्या झाडावरची काफळं तोडून खायला लागलं, कुणी फोटो काढायला. श्वास जाग्यावर यायला वेळ लागत होता आणि उभं राहायला काहीतरी कारण हवं, म्हणून भाऊंनी डबा उघडला. वर पोचल्याशिवाय डबा उघडायचा नाही हा त्यांचाच नियम, त्यांनीच मोडला. पहिली मूठ स्वतः खाल्ली आणि डबा मागं दिला. रांगेतून फिरत तो जीपपर्यंत गेला आणि परत आला. मग झाकण लावलं, दोन गाठी मारल्या, निघालो.

असे आम्ही सात वेळा थांबलो. सात वेळा डबा फिरला. ओव्हरब्रिजपेक्षा थोड्याच जास्त उभ्या असलेल्या त्या चार किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. उतरून येणारी दिल्लीची दोन तरुण पोरं, हेल्मेटवाली, आमच्याकडे बघून हसली. हसू देत.

माथ्यावर चहाचं दुकान आहे. तिथं पोचून भाऊ बाकावर बसले. दीप्तीनं मनगट धरून ठोके मोजले आणि अंगठा वर केला. समोर बर्फाची रांग दिसते म्हणतात. त्या दिवशी ढगात होती, कुणाला काही दिसलं नाही. भाऊ तरी तिकडंच बघत होते, पूर्वी ट्रक बघायचे तसे.

मायानं डबा उघडला. तळाला चार शेंगदाणे आणि कढीपत्त्याची पानं. सोळा वर्षांत पहिल्यांदा डबा वर पोचायच्या आत संपला होता.

‘‘पुढच्या वर्षी मोठा डबा घ्यावा लागेल,’’ ती म्हणाली आणि बोलल्यावर घाबरली. पुढच्या वर्षाचं नाव डिसेंबरपासून त्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

भाऊंनी चहा संपवला. पेला बाकावर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी डबा तुमच्याकडं, वैनी. आज मागून तुमचाच दम ऐकू येत होता.’’

मी म्हटलं, ‘‘द्या.’’